ऐकायला शिकलेल्या बाई

बाई डब्यातून खडीसाखरेचा खडा काढून गालात ठेवायच्या आणि हातानेच खूण करायच्या. हं, बोल आता. खडा विरघळेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, असा त्यांनी स्वतःला नियम घातला होता. ज्यांनी बाईंना आधीपासून पाहिलं होतं, त्यांना हा नियम म्हणजे चमत्कारच वाटायचा. बाई गप्प बसल्या आहेत, हे दृश्य त्याआधी भोईवाड्यात कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

त्या महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. आमच्या बिल्डिंगीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. मी लग्नानंतर इथे राहायला आलो, तेव्हा मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला पाठ सरळ ठेवून चालायला सांगितलं आणि मी ठेवली. यजमान लवकर गेलेले, एकुलती एक मुलगी ठाण्याला. घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडायच्या. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा असायचा आणि बाई त्याला मतदान का करावं ते समजावून सांगत असायच्या. कुरिअरवाले पार्सल दारात ठेवून, बेल वाजवून अक्षरशः पळून जायचे.

तिसऱ्या मजल्यावर निखिल राहायचा. लोअर परळला काचेच्या इमारतीत नोकरी, बोलायला मऊ, जिन्यात भेटला की हसणारच. एका सकाळी बाईंनी त्यालाही धरला. नवा मोबाइल घेतला होता, त्याच्या चार्जरची वायर कशी आखूड आहे, पूर्वीच्या वस्तू कशा टिकायच्या, असं बरंच. निखिल बॅग खांद्याला लावून ऐकत उभा होता. मध्ये तो "बाई, एक विचारू?" म्हणाला. बाई म्हणाल्या, आधी माझं पुरं होऊ दे. मग त्यांचं पुरं होईपर्यंत त्याला उशीर झाला आणि तो गेला.

त्याच आठवड्यात निखिलने जीव दिला.

त्यानंतर आमची बिल्डिंग बदलली. तिसऱ्या मजल्यावरून जाताना माणसं चपला न वाजवता जायची. निखिलच्या आईला भेटायला पहिले काही दिवस गर्दी, मग कुणीच नाही. लोक वाईट नव्हते, काय बोलायचं ते कुणाला सुचत नव्हतं. कारणं मात्र सगळ्यांना सुचत होती. कुणी नोकरी म्हणालं, कुणी मुलगी म्हणालं. एक कारण सापडलं की ते आपल्या घरात नाही असं म्हणून दार लावून घेता येतं. पण दार तरी किती वेळा लावणार? माझ्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ असाच गेला. बायकोच्या भाचीच्या कॉलेजातली एक मुलगी गेली. तुमच्याही कानावर अलीकडे अशा बातम्या वारंवार येत असतील. पूर्वी हे दूरच्या कुणाच्या तरी घरी घडायचं. आता ते आपल्याच जिन्यात येऊन ठेपलं होतं.

बाई काही दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "तो काहीतरी विचारणार होता रे. आणि मी त्याला चार्जर दाखवत बसले."

मी म्हटलं, बाई, तो वेळ विचारणार असेल. तुमच्या बोलण्याचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही.

"नसेलही," बाई म्हणाल्या. "पण आता मला ते कळणार नाही ना."

पुढच्याच आठवड्यात त्या दादरला गेल्या. तिथे एक संस्था आहे. ज्यांना जीव नकोसा झालाय अशी माणसं तिथे फोन करतात आणि स्वयंसेवक त्यांचं ऐकून घेतात. बाईंनी जाऊन नाव घातलं. ही बातमी बिल्डिंगीत पसरली तेव्हा खरं सांगतो, पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं. फोन करणाऱ्याचं काय होईल, असा सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता.

प्रश्न रास्त होता. संस्थेचं प्रशिक्षण असतं. तिथली शिकवणारी मुलगी बाईंच्या मुलीपेक्षाही लहान. तिने नियम सांगितले. सल्ला द्यायचा नाही, रागवायचं नाही, आमच्या वेळी असं नव्हतं हे तर अजिबात म्हणायचं नाही. बाई म्हणाल्या, मग बोलायचं काय? मुलगी म्हणाली, शक्यतो काहीच नाही.

मग खोटा फोन लावून परीक्षा. ती मुलगीच परीक्षेत नापास झालेली विद्यार्थिनी बनली आणि पडेल आवाजात म्हणाली की मी नापास झालेय, मला काही सुचत नाही. बाईंनी विचारलं, कोणत्या विषयात? ती म्हणाली, गणितात. झालं. बाईंनी तिला तिथल्या तिथे अपूर्णांक शिकवायला घेतले. छेद समान केल्याशिवाय त्यांनी फोन ठेवू दिला नाही. बाई नापास झाल्या. नंतर ती मुलगी खासगीत म्हणाली म्हणे, की अपूर्णांक मला आज पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या वेळीही नापास. तेव्हा बाईंनी खडीसाखरेचा उपाय काढला आणि सराव म्हणून आम्हाला धरलं. आता उलटं झालं. पूर्वी त्या बोलायच्या आणि आपण सुटका बघायचो, आता त्या डोळे आपल्यावर रोखून गप्प बसायच्या आणि आपण घाबरून काहीही बोलत सुटायचो. मी एकदा पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला गेलो होतो आणि उठताना माझ्या लक्षात आलं की मी माझ्या वडिलांबद्दल बोलतोय. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल मी कुणाशीच बोललो नव्हतो.

बाई पास झाल्या. शिवाय रोज दुपारी त्या खडा तोंडात टाकून निखिलच्या आईकडे जाऊन बसू लागल्या. बरेच दिवस दोघी नुसत्या बसून असायच्या. मग एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला. लहानपणी निखिलने पोळपाटाला चाकं लावून गॅलरीत गाडी केली होती, ते त्याची आई सांगत होती. खाली आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "सगळे तिच्यासमोर त्याचं नाव टाळतात रे. तिला तर तेच बोलायचं असतं."

प्रशिक्षणात बाई आणखी एक गोष्ट शिकल्या आणि तिने मात्र आम्हाला हैराण केलं. माणूस खचलेला वाटला तर त्याला सरळ विचारायचं, की जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असलाच तर सांगायला वाट मिळते. बाईंनी हे पाढ्यासारखं पाठ केलं आणि सरसकट वापरायला घेतलं. मी जिना चढून सुस्कारा टाकला, तर विचारलं. म्हटलं, बाई, गुडघा दुखतोय हो. मासेवालीला विचारलं. ती म्हणाली, आज तरी नाही बाई, आज पाटीत बांगडा आहे, तो संपू दे. बाईंनी बांगडा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

कडेलोट झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा. मुलगा बिचारा जिन्यात एकटाच मान खाली घालून उभा होता. बाईंनी त्यालाच विचारलं. मुलगा घाबरला, त्याची आई भडकली आणि पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले.

तक्रार सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे परब. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, अत्यंत शिस्तीचा माणूस. त्याच्या नोटिसा हा आमच्याकडे चेष्टेचा विषय होता. चपला कुठे काढाव्यात, कुंड्यांना पाणी कधी घालावं, कपडे किती पिळून वाळत टाकावेत. त्या वर्षी तर नोटिसांना ऊत आला होता. फळ्यावर जागा उरली नाही तेव्हा त्याने, फळ्यावर इतर काही लावू नये, अशी नोटीस लावली.

रविवारी दुपारी परब मला कमिटी मेंबर म्हणून सोबत घेऊन बाईंकडे गेला. तो बाईंचा विद्यार्थी. दारात चपला नीट जोडून ठेवल्या, बाईंनी बस म्हणेपर्यंत उभा राहिला. बाईंनी मला चहा दिला, स्वतः खडा गालात ठेवला आणि खूण केली.

परबने बोलायला सुरुवात केली. बिल्डिंगीचं नाव खराब होतंय. असं विचारत फिरलात तर लोकांना वाटेल इथे काहीतरी आहे. उद्या जागेला भाव येणार नाही. सगळं मुद्देसूद. पण मग तो थांबेना. टाकीच्या झाकणाबद्दल बोलला, गच्चीच्या कुलपाबद्दल बोलला, जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलला. मी चहा संपवून वाट बघत होतो. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी खडा हातावर काढला. नियम मोडताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

"परब, तुझ्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत."

परबने खाली पाहिलं.

"चौथीत सुद्धा तू असा कधी आला नव्हतास. झोप लागते का रे?"

तो बटणं काढून पुन्हा लावू लागला.

"जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

मला शरमेने कुठे बघावं कळेना. आता हा उठून जाणार, मग जनरल बॉडी, मग ठराव, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. परब हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले.

"येतो, बाई," तो म्हणाला. "हल्ली रोज येतो."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. अरे वेडा की काय, सगळं ठीक होईल, बायको-पोरांचा विचार कर. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. वर्गात करायच्या तसाच. मी तोंड मिटलं.

परब बोलत राहिला. काही महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. घरात सांगितलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन तो बाहेर पडायचा आणि शिवडीला खाडीच्या बाजूला जाऊन बसायचा. नोकरी गेली हे एकच नव्हतं. झोप त्याच्याही आधी गेली होती, अन्नाची चव गेली होती. "आता फक्त सोसायटीच्या कामाला कुणीतरी मला विचारतं," तो म्हणाला. "नळ गळला की तरी विचारतात." त्या वर्षी एवढ्या नोटिसा का लागल्या, ते मला तेव्हा कळलं.

समोरच्या बिल्डिंगीत दिवे लागले तरी तो बोलत होता. शेवटी बाईंनी विचारलं, बायकोला तू सांगतोस की मी सोबत येऊ? तो म्हणाला, या. बाई त्याच्यासोबत वर गेल्या. परबच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, डबा रोज अर्धा परत यायला लागला तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी. विचारायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही परबला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. रांग लांब. बाईंनी रांगेतल्या प्रत्येकाशी ओळख करून घेतली, दोघांच्या केसपेपरवरची नावं शुद्ध करून दिली. आमचा नंबर आला तेव्हा परब गप्प आणि बाई बोलतायत हे बघून डॉक्टरांनी बाईंनाच समोर बसवलं आणि हे कधीपासून होतंय असं विचारलं. बाई म्हणाल्या, जन्मापासून. परब फिसकन हसला. त्याला हसताना बघून त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

औषधं सुरू झाली. लगेच काही घडलं नाही. बरे दिवस आले, वाईट आले. वाईट दिवशी परब बाईंच्या खोलीत येऊन बसायचा. पुढे त्याला एका दवाखान्याच्या ऑफिसात काम मिळालं. वर्षाच्या जनरल बॉडीत टाकीचा विषय संपल्यावर तो उभा राहिला आणि आपण मनाच्या आजाराची गोळी घेतो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या वडिलांनी, म्हणजे ज्यांचे पाहुणे पळाले होते त्यांनीच, घसा खाकरून विचारलं की ते डॉक्टर कोणत्या वारी असतात.

शेवटच्या काळात बाईंना ऐकू येईनासं झालं. कानातलं यंत्र शिट्टी मारायचं. संस्थेने आदराने नमस्कार केला आणि थांबवलं. पण माणसं यायची थांबली नाहीत. आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या चाळींतलीही. बाई चेहऱ्याकडे बघत बसायच्या. मी एकदा परबला म्हटलं, अरे, त्यांना आता काही ऐकू येत नाही. तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणून तर सगळं सांगता येतं."

गेल्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. म्हातारपणाने, शांतपणे.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी खोली आवरत होती, मी मदतीला होतो. दार उघडं होतं. एक अनोळखी बाई जिना चढून आली आणि दारातून आत बघत राहिली. बाई गेल्या, असं मुलीने सांगितलं. ती "अस्सं" म्हणाली. वळली, दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून तिथेच थांबली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं भांड्यांचं खोकं खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन म्हणाली, "तुम्ही या ना आत. बसा जरा."

ती आत येऊन बसली तेव्हा मी माझी चप्पल घातली आणि बाहेर येऊन दार अर्धवट ओढून घेतलं.