घासलेला घोडा

नाण्याच्या नादी लागलेल्यानं चांगल्या नाण्याला चांगलं म्हणायचं नसतं, असा आमचा रिवाज. टेंभुर्णीच्या बाजारात भंगारवाल्याकडं मी अन् मास्तर मिळून जुनी नाणी धुंडायचो, अन् एकमेकांच्या नाण्यांवरल्या जनावरांची मनसोक्त निंदा करायचो. त्याच्या गेंड्याच्या चार आण्याला मी म्हणायचो, "याचा खुराक बंद केला का?" माझ्या वाघाच्या रुपयाला तो म्हणायचा, "मिशा झडल्या, दात पडले. सोडून दे शेळ्यांत!" नाणं खरंच वाया गेलेलं असलं तर मात्र "छान हाय" म्हणून गुमान ठेवून द्यायचं. मेलेल्याला काय चिडवायचं?

मंग साखरेच्या आजारानं मास्तरचे डोळे गेले. पुढं बोटंबी बधिर झाली. अंगठा फिरवून घोडा का बैल, ते कळंना. मी दर रविवारी त्याच्या घरी जायचो, त्याच्या नाण्यांचा डबा उघडायचो अन् एकेका जनावराला शिव्या घालायचो. मास्तर पोट धरून हसायचा. माझ्या शिव्यांतूनच त्याला नाणी दिसायची, दुसरा रस्ताच उरला न्हवता.

एका रविवारी वहिनींनी स्वतः बाहेर ओसरीवरच डबा माझ्या हातात दिला. "भाऊजी, कसली काळीकुट्ट झाल्ती! चिंच लावून दोन दिवस घासली." काय आनंद होता त्यांच्या तोंडावर! मास्तरजवळ बसून मी झाकण काढलं. तांब्याच्या पैशावरचा घोडा, मास्तरचा लाडका. त्याचा गडद रंग पार गेल्ता, वर तारेच्या घासणीचे ओरखडे. आयाळ न्हाई, डोळा न्हाई. बैलांचीबी तीच गत. जुन्या नाण्याला घासणी लावत न्हाईत, हे वहिनींना आम्ही कधी सांगितलंच न्हवतं. आम्ही गाढवं!

"बोल की लेका," मास्तर म्हणला. "घोडा कसाय?"

खूप जोर केला, पण शिवी काही तोंडातून निघंना.

"छान हाय, मास्तर."

त्याचं हसू तिथंच विरलं.

"अन् बैल?"

"छान हाय."

"सगळेच?"

मी डब्याचं झाकण लावलं. "कशी चमकाय लागली न्हाई?" वहिनी पदराला हात पुसत दारातून म्हणल्या. मास्तरनं त्यांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"चकचकीत केलीस व्हय? बरं केलंस," तो म्हणला.

अजूनबी मी दर रविवारी जातो. चहा होतो. तो डबा मागत न्हाई, अन् मला शिव्यांबिगर दुसरं काही बोलता येत न्हाई.