विमानातली घरमालकीण

स्टुडिओत तिला सगळे चिमणी म्हणत. बाई चांगली भरभक्कम, चाळिशी ओलांडलेली, जिना चढताना मध्ये दोनदा थांबणारी. पण डबिंगच्या धंद्यातलं तिचं पहिलं काम एका सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजाचं होतं. तेव्हा कुणीतरी चिमणी म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. परभाषेतला सिनेमा आपल्या भाषेत आणायचा म्हणजे पडद्यावर ओठ एकाचे हलतात आणि आवाज दुसऱ्याने भरायचा असतो. नायिकेचा आवाज चिमणीला कधी मिळाला नाही. तिच्या वाट्याला यायच्या त्या शेजारणी, नर्सा, शाळेतल्या बाई, रडणारी बाळं आणि एकदा तर एक नाक वर करून बोलणारी बदकीण. पण काम बारमाही होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं.

घरी सासूबाईंना मात्र हा धंदा कधीच पटला नाही.

"अंधाऱ्या खोलीत उभं राहून भिंतीशी बोलायचं आणि त्याचा पगार मिळतो म्हणे!" त्या म्हणत. "मी जन्मभर या घरात भिंतींशीच बोलतेय. मला कुणी कधी दमडी दिली नाही."

सासूबाई सिनेमे बघत नसत. टीव्हीवर बातम्या तेवढ्या लावत, आणि त्याही बातम्या देणाऱ्याशी भांडत भांडत ऐकत. अलीकडे त्यांना जरा कमी ऐकू यायला लागलं होतं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

सासूबाईंच्या धाकट्या मुलाला मुलगी झाली आणि सासूबाई, चिमणी आणि तिचा नवरा अशा तिघांचं विमानाने जायचं ठरलं. धाकटा सातासमुद्रापलीकडे राहायचा. चिमणीने स्टुडिओत सुट्टी मागितली, तेव्हा रेकॉर्डिस्टने तिला बजावलं, "विमानात फुकटचे हेडफोन देतात, ते कानाला लावू नकोस. कानात कापूस घातल्यासारखं वाटतं. तुझा स्वतःचा ने. आणि हे बघ, काही विमानांत सीटच्या हाताला दोन भोकं असतात. आपली पिन एकात घातली की एकाच कानात आवाज येतो. दोन्ही भोकांत बसणारी ही जोडपिन ठेव जवळ."

चिमणीचा हेडफोन म्हणजे काळा, दणकट, कान अख्खे झाकणारा. गादी फाटली होती तिथे तिने स्वतःच टाके घातले होते. ती तो बॅगेत भरायला लागली तसा नवरा म्हणाला, "एवढं धूड? डोक्याला दोन उपड्या वाट्या लावून बसणार का विमानात?"

"बसणार," ती म्हणाली.

विमानात सासूबाई खिडकीशी, चिमणी मध्ये आणि नवरा कडेला. विमान वर गेलं. सासूबाईंनी ढग पाहिले. मग पुन्हा पाहिले. "झाले बघून," त्या म्हणाल्या आणि समोरच्या सीटच्या पाठीला असलेल्या छोट्या पडद्यावर बोट टेकवायला लागल्या. चित्रं सरकत गेली. एका चित्रावर त्यांचं बोट थांबलं. दारात कमरेवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती आणि तिच्यामागे तिमजली घर.

"हा लाव. ही बाई कामाची दिसतेय."

चिमणीने चित्रातली घरमालकीण लगेच ओळखली. त्या घरमालकिणीचा आवाज तिचाच होता. म्हणजे घशातून निघाला होता तिच्या, पण होता सासूबाईंचा. ते खाकरणं, ते शब्द ओढणं, आणि भाडेकरूंना दिव्यांवरून, ओल्या चपलांवरून, उघड्या नळांवरून झापून झालं की शेवटी लांब सुस्कारा टाकून म्हणायचं, "बोलून उपयोग नाही, पण बोलते!" हे वाक्य तर घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. तो सिनेमा नवऱ्याने थिएटरात पाहिला तेव्हा इतका हसला होता की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. घरी येताना दोघांनी शपथ घेतली होती की हे आईच्या कानावर जाता कामा नये.

"आई, तो रटाळ आहे हो," चिमणी म्हणाली. "हा प्राण्यांचा बघा ना."

सासूबाईंनी पलीकडे आ वासून झोपलेल्या मुलाकडे एक नजर टाकली. "प्राणी काय घरी कमी आहेत?"

सिनेमा सुरू झाला. सासूबाईंनी विमानातले हेडफोन कानाला लावले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यात माशी गुणगुणतेय नुसती." चिमणीच्या जिवात जीव आला. माशी तर माशी! पण तेवढ्यात सासूबाईंची नजर तिच्या गळ्यातल्या हेडफोनवर गेली.

"तुझा दे."

"तो कामाचा आहे, आई."

"मग करू दे की त्याला काम."

द्यावाच लागला. चिमणीने पिन एका भोकात खुपसली. सासूबाईंनी मान डावीकडे, उजवीकडे केली. "एकाच कानात येतंय. आणि दुसऱ्या कानाने काय तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू?"

जोडपिन पर्समध्ये होती. चिमणीने पर्सवर हात ठेवला. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? एका कानाने, विमानाच्या घरघराटात, निम्मं कळलं असतं, निम्मं निसटलं असतं आणि भानगड मिटली असती. पण आवाजाच्या धंद्यात इतकी वर्षं गेलेली बाई ती. आपल्या शेजारी कुणी अर्धवट ऐकत बसलंय हे तिला सहन होईना. तिने जोडपिन काढली, लावली आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने शेजारून खुसखुस ऐकू आली. तिने एक डोळा उघडला. सासूबाई हसत होत्या. घरमालकीण एका तरुण भाडेकरूला दिवसा दिवा जाळल्याबद्दल फैलावर घेत होती आणि सासूबाई पडद्याला मान डोलावून दाद देत होत्या.

"काय खरं बोलते गं ही!" त्या एकदम ओरडल्या. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. "त्या घरात एवढी एकच शहाणी!"

नवरा दचकून जागा झाला. त्याने आईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि बायकोच्या कानात पुटपुटला, "तू वेडी झालीस का? तो सिनेमा?"

"मी नाही लावला. त्यांनी निवडला."

"आता?"

"आता काय, बसा पट्टा आवळून."

पण सासूबाईंना काही म्हणजे काही ओळखू आलं नाही. स्वतःचा आवाज माणसाला कुठे ओळखता येतो! त्या रंगून गेल्या होत्या. पुढे घरमालकीण आजारी पडते आणि ज्यांना ती रोज झापत होती ते सगळे भाडेकरू तिच्या खाटेभोवती जमतात. तिथे सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. त्याच वेळी हवाई सुंदरी चहा घेऊन आली आणि तिने सासूबाईंपुढे कप ठेवला. सासूबाईंनी घोट घेतला, खाकरल्या आणि साऱ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चहा म्हणून गरम पाणी देतात! बोलून उपयोग नाही, पण बोलते!"

मधल्या वाटेच्या पलीकडे एक तरुण बाई बसली होती. तिच्याही पडद्यावर तोच सिनेमा चालला होता. तिने चटकन कानातले हेडफोनचे बोळे काढले आणि पुढे वाकून हात जोडले.

"आजी, तुम्हीच का हो त्या? घरमालकिणीचा आवाज तुमचाच ना?"

सासूबाईंनी हेडफोन काढला. "काय म्हणते ही?"

नवऱ्याने घाईघाईने माहितीचं पत्रक काढून तोंडासमोर धरलं. सांगायची पाळी चिमणीवरच आली.

"आई, त्या बाईला आवाज मी दिलाय."

"तू?"

"मी. पण... तुमचा."

सासूबाईंनी पुन्हा हेडफोन लावला, सिनेमा मागे न्यायला सांगितला आणि दिव्यावरून झापण्याचा तो प्रसंग नीट, मान कलती करून ऐकला. मग हेडफोन मांडीवर ठेवला.

"माझी नक्कल केलीस होय?" आवाज या वेळी खालचा होता. "स्टुडिओत सगळे हसले असतील मला."

"नाही हो," चिमणी म्हणाली. "मला ती बाई जमतच नव्हती. दिग्दर्शक म्हणायचे, ही सारखी ओरडते तरी तिचं घर सोडून कुणी जात नाही, असा आवाज हवा. मी नुसतीच ओरडत होते. मग एकदा वाटलं, आपण रोज कुणाचं ऐकतो आणि तरी कामावरून कधी एकदा घरी जातो असं होतं? तेव्हा जमलं."

सासूबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. ढगच होते, पण त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"मी इतकं खाकरते?" शेवटी त्या म्हणाल्या.

"थोडं कमीच केलं मी."

"बरं केलंस." मग पलीकडच्या बाईकडे वळून त्या म्हणाल्या, "ही माझी सून. आवाज हिचा आहे. मी आपली बोलते, ही करते." आणि त्यांनी सिनेमा पहिल्यापासून लावला.

धाकट्याच्या घरी पोचल्यावर नात बघून झाली, तिचं नाक कुणासारखं यावर भांडून झालं, आणि मग सासूबाईंनी धाकट्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून चिमणीचा सिनेमा दाखवला. कुठे हसायचं तेही त्याच सांगत होत्या.

परत आल्यावर एका दुपारी त्या स्टुडिओत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. "बघू तरी ती भिंत," म्हणाल्या. बाजारातल्या गर्दीचं काम चाललं होतं. मागून नुसता कलकलाट हवा होता. रेकॉर्डिस्टने गमतीने त्यांनाही माइकपुढे उभं केलं आणि सांगितलं, "आजी, भाजीवाल्याशी भांडा."

लाल दिवा लागला आणि सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्या माइककडे नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्यांदाही तेच. चिमणी शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"इथे रोज असं होतं तुला?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"पहिली दोन वर्षं व्हायचं."

तिसऱ्या वेळी त्या भाजीवाल्यावर अशा तुटून पडल्या की रेकॉर्डिस्टने हात जोडले. सिनेमा लागला तेव्हा त्या गलक्यात त्यांचा आवाज कुणालाच ओळखू आला नाही, चिमणीलासुद्धा नाही. सासूबाईंना मात्र तो अगदी स्वच्छ ऐकू आला.