पायातले ब्रेक

हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मुलगा ह्यांच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरवरचं विमान उतरवत होता. धावपट्टी संपत आली. तो दोन्ही पायांनी टेबलाखालची पेडल्स दाबत होता आणि पडद्यावर विमान आपलं पळतच होतं.

"आई, ब्रेक का लागत नाहीत गं?"

"ब्रेक पायात नाहीत, राजा. कंट्रोलरवरचं डाव्या अंगठ्याखालचं बटण दाब."

आजारात ह्यांचे पाय आधी गेले, तेव्हा ब्रेक हातात आले. मग उजवा हात थकला, तशी चाकं, दिवे, इंजिन सगळंच डावीकडे आलं. ह्यांनी सांगायचं आणि सेटिंगमध्ये जाऊन मी बदलायचं. एक बोट निकामी झालं की त्याचं काम शेजारच्या बोटाला. घरातही तेच चाललं होतं. पाण्याचा तांब्या, चष्मा, सगळं डावीकडे सरकलं. माझी झोपायची बाजूसुद्धा. शेवटी अख्खं विमान एका अंगठ्यावर उडत होतं आणि ह्यांना त्याचं कौतुक! "बघ, अजून उतरवतोय की नाही!"

"पूर्वीसारखं करू?" मुलाने विचारलं.

"कर."

त्याने सेटिंग उघडलं. ब्रेकसाठी हवं ते दाबा, असं पडद्यावर आलं. त्याने पेडल्स दाबली, विमान पुन्हा उतरवलं, आणि ते धावपट्टीवर शहाण्यासारखं थांबलं.

विमानाला पाय परत मिळायला एवढंच लागलं.