अर्थ लागला का, मास्तर?

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर ‘भावार्थ’ लिहून हाताचा खडू झटकत होतो. पिंपळीहून तात्यांचा पुतण्या बोलत होता. “गुरुजी, तात्या गेलं.” आणि मी, जन्मभर मराठी शिकवणारा माणूस, त्याला विचारतो, “कुठं? आज माझ्याकडं शेळगावला यायचं ठरलंय त्यांचं!” त्यानं तेच पुन्हा, सावकाश सांगितलं. ‘गेले’ या साध्या क्रियापदाचा अर्थ मला असा दुसऱ्या फेरीत लागला. तात्यांच्या कानावर हे गेलं असतं तर म्हणाले असते, “मास्तरांची वायरिंग लय लांबनं फिरून येती.”

वसंततात्या उसाच्या ट्रॉल्यांना दिवे बसवायचे. पिंपळीत घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडच्या टोकाला चुना मारलेली पांढरी भिंत. कारखाना सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्यांची रांग लागायची. मागचे तांबडे दिवे असले तर असायचे. त्यांच्या जोडीला तात्या मागं जाताना लागणारे दोन पांढरे रिव्हर्स लाईट आणि फडात मोळ्या भरताना उजेड देणारा एक फोकस बसवून द्यायचे. शाळा सांभाळून मीही ऊस करतो, त्यामुळं माझी ट्रॉली त्या रांगेत असायला हवी होती. पण मला वाटलं, एवढी शिकली-सवरलेली माणसं आपण, चार वायरी जोडायला माणूस कशाला? मोबाईलवर बघून मीच जोडल्या. वर अक्कल अशी, की ट्रॅक्टर लोखंडाचा, ट्रॉली लोखंडाची, मधली पिन लोखंडाची. मग करंट परत यायला वेगळी वायर हवीच कशाला? अंगणात सगळे दिवे झकास लागले. बायकोला हाक मारून दाखवले. “गाभारा दिसतोय अगदी,” ती म्हणाली. ते कौतुक होतं, असं मी दोन दिवस समजत होतो.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या यार्डात, तिन्हीसांजेला, शेजारच्या ड्रायव्हरला माझी वायरिंग समजावून सांगत मी ट्रॉली मागं घेतली. नेमकं मागं सरकताना दोन्ही पांढरे दिवे गेले. मागं एक माणूस दुसऱ्याच ट्रॉलीचा दिवा दुरुस्त करत उकिडवा बसला होता. त्यानं उडी मारली म्हणून तो वाचला. त्याची हत्यारांची पिशवी मात्र वाचली नाही. चाकाखालून चपटी पिशवी ओढून काढत त्यानं मला विचारलं, “मास्तर हाय व्हय तुमी?”

“हो. कशावरून ओळखलंत?”

“मागं मानूस मरतोय आन तुमी म्होरं बघून शिकवताय.”

हे तात्या. मी सीटवरून उतरेपर्यंत ते माझ्याच ट्रॉलीखाली शिरले. आतून आवाज आला, “अर्थ कुठाय?” मी म्हटलं, “कशाचा?” ते बाहेर आले आणि माझ्याकडं बघत राहिले. “गाडीचा वो! अर्थिंगची वायर! करंट गेला, त्याला माघारी यायला वाट नगो? तुमी त्याला पिनीतनं धाडलाय. वढताना पिन घट्ट बसती, मागं सारताना ढिली हुती. म्हंजी तुमचा दिवा, जवा लागायला पायजे नेमका तवाच इझतोय.” हे शेवटचं वाक्य मी घरी सांगितलं नाही. बायकोनं ते रोज वापरलं असतं.

त्या दिवसापासून वायरीला हात लावायची मला बंदी झाली. दरवर्षी मी सीटवर बसायचं, तात्यांनी मागं भिंतीपाशी थांबायचं. मी ओरडायचो, “ब्रेक!” मागून यायचं, “लागला.” “रिव्हर्स!” “लागला.” उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या काकी, तात्यांच्या पत्नी, हसायच्या. शेवटी तात्या मोठ्यानं विचारायचे, “अर्थ लागला का, मास्तर?” सीटवरून मला काही म्हणजे काही दिसत नसायचं, तरी मी म्हणायचो, “लागला, तात्या!” प्रत्येक वायरीवर ते पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर पेनानं नाव लिहायचे. एकदा ‘रीवस’ वाचून मला राहवलं नाही, मी तांबड्या पेनानं शुद्धलेखन सुधारलं. पुढच्या वर्षी त्यांनी लिहिलं, ‘रिवरशी’. खाली, ‘तपासा’.

यंदा नवी ट्रॉली घेतली, तर तात्या स्वतः शेळगावला आले. दिवसभर खपले. पाना दोनदा त्यांच्या हातातून निसटला. मी म्हटलं, “तात्या, पाना रुसला वाटतं तुमच्यावर.” ते हसले नाहीत... आणि मला काहीही कळलं नाही. जाताना एक काळी वायर त्यांनी तशीच लोंबती ठेवली. “ह्यो अर्थ तुमी जोडा. बंदी उठीवली. कुठवर माझ्या हातानं लावून घेनार? बिस्तरवारी येतो तपासाया.”

त्या बेस्तरवारीच फोन आला.

पुढचे तीन आठवडे मी त्या वायरीभोवती नुसता फिरत होतो. माझ्या घरामागच्या शेडमध्ये जायचं, टोक सोलायचं, पुन्हा टेप गुंडाळायची, घरी यायचं, चहा अर्धा टाकून परत शेडमध्ये. एक इलेक्ट्रिशियन आपण होऊन आला, त्याला मी उगाच ट्रॉली विकायचीय म्हणून सांगितलं. शेवटी ऊसतोड टोळीचा मुकादम दारात आला. “गुरुजी, बाया मोळ्या घिऊन मागं हुब्या ऱ्हात्यात. मागचा दिवा न्हाय तवर तुमची ट्रॉली फडात घेनार न्हाय.” मला यार्डातली ती चपटी पिशवी दिसली. मी त्याच दुपारी वायर जोडली. पण माझ्या जोडणीवर माझाच भरवसा नव्हता. कुणाच्या भरवशावर बायका मागं उभ्या करायच्या? ट्रॉली घेऊन तडक पिंपळी गाठली.

शेडला कुलूप होतं. भिंत तशीच होती. ट्रॉलीची पाठ भिंतीला करून मी रिव्हर्स टाकला, आणि सवयीनं ओरडलो, “रिव्हर्स!”

मागं कुणी नव्हतं. इंजिनाची धडधड तेवढी. खाली उतरून बघायचं, एवढंही मला सुचेना...

“उजवा लागला,” मागून आवाज आला. काकी पिठाच्या हातानं बाहेर आल्या होत्या. “थांबा. डावा मिचकतोय. अर्थ ढिला हाय, मास्तर.”

काकी मला आजवर ‘गुरुजी’ म्हणत आल्या होत्या.

मी उतरलो, ट्रॉलीखाली शिरलो. काळ्या वायरीवर पट्टी होती, तात्यांच्या अक्षरात: ‘आर्थ’. काना जास्तीचा होता. तांबडं पेन खिशाला होतं. मी फक्त नट आवळला.