हात उचलून केलेली साथ

झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसते. पाठ पब्लिककडं, तोंड नटाकडं. वीस सालं झाली, मी तिथीच बसून राह्यलो. गाण्याच्या चाली बी माह्याच. चालीत कोणी इकडचं तिकडं केलं का माहा जीव जळते. स्वभावच तसा, त्याले औषध नाई.

आरमोरीजवळच्या एका गावात अजून गावचेच लोक नाटक करतात. तिथी तळ्यात मासे धरणारा एक गडी होता. चार सालं त्याले नुसतं भाला धरून उभं राहाचं काम भेटलं. पाचव्या साली बापाचं काम भेटलं, अन् एक गाणं. गाणं पडलं तर पुढच्या साली पुन्हा भाला, असं मंडळानं आधीच सांगून ठेवलं होतं.

तालमीत गडी रोज घसरे. जन्मभर डोंग्यात बसून एकटा गायलेला माणूस! मी पांढरी चार दाबली का हा तिच्या खाली अन् तीनच्या वर, दोन पट्ट्यांच्या मधात कुठीतरी. ऑर्गन वाजला का मले माहाच आवाज ऐकू येत नाई, म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याले साऱ्यांसमोर म्हणलो.

नाटकाच्या दिवशी त्याची माय पुढंच पोतं टाकून बसली. गाणं सुरू झालं अन् हा घसरलाच. त्याले वर ओढाले मी सूर अजून जोरात दाबला. तो गपच झाला. कोणीतरी शिटी मारली. त्यानं माह्याकडं पाह्यलं, अन् खरं सांगतो, मले लाज वाटली. बुडणाऱ्याले मीच दाबून राह्यलो होतो.

मी हात उचलले, ऑर्गनचं झाकण लावलं. तबलजीले डोळ्यानंच म्हणलं, हळू ठेव.

त्यानं डोळे मिटून पुन्हा सुरू केलं. शेवटची ओळ तं माह्या चालीत नव्हतीच, अशी वळवली. माहा जीव जळाले पायजे होता, पण मी खड्ड्यात येड्यासारखा हसून राह्यलो होतो. सारा मांडव वन्स मोअर ओरडला. माय पोत्यावर उभी झाली. भाला गेला, कायमचा गेला.

तो स्टेजच्या काठाशी येऊन वाकला.

"भाऊ, झाकण उघडा," म्हणे. "आता तुमी या माह्या मांगून."

मी झाकण उघडलं, अन् सूर धरून त्याच्या मांगून गेलो. त्याची भीती गेली होती, गडी नीट पांढरी चारवर उभा होता. ती चाल मी आजबी वाजवतो. शेवटची ओळ त्याचीच वाजवतो.