झाडलेलं रान

गंगासागरबाईंच्या अंगणात सांडलेला भात वेचून खावा, असं नांदूरघाटात म्हणत. पहाटे सडा पडला की त्या शेजारणींच्या उंबरठ्यांकडे बघत. त्या नजरेला गल्ली घाबरायची.

वृक्ष सहकारी संस्थेने माळावर साग लावला. ओढ्याच्या अलीकडचा तुकडा बाईंनी राखायचा, पलीकडचा गल्लीतल्याच आसारामने. बाईंनी रानही अंगणासारखंच झाडलं. पानगळीचे ढीग पेटवले. राख वाऱ्यावर गेली. आसाराम पाचोळ्यातच झोपायचा. घराचा उकिरडा केला, आता रानाचाबी, असं बाई त्याला येता-जाता ऐकवायच्या.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. बाईंची झाडं शेंड्याकडून वाळू लागली. त्यांनी आणखी झाडलं. आसारामची झाडं हिरवी होती. तिथली माती मुळातच चांगली, असं चेअरमन मोहनराव म्हणाले. वार्षिक सभेत स्वच्छ रानासाठी बाईंचा सत्कार करायचा आणि आळशी आसारामला काढायचं ठरलं. मी मराठीचा एम.ए., शिवाय बाईंच्या ओट्यावर रोज बसणारा. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सभेच्या सकाळी बाई मला घेऊन आसारामच्या तुकड्यात गेल्या. त्याची घाण टोपलीत भरून सभेला दाखवायची होती. त्यांनी वरची पानं सारली. खालची काळी पडून जाळी झाली होती. त्याखाली हात गेला आणि थांबला. ओल होती. बाईंनी मूठभर माती हुंगली. टोपली भरली. ओढा ओलांडून आपल्या झाडाखाली बसल्या आणि जमीन उकरू लागल्या. नख मोडलं.

सभेत मी मानपत्र वाचायला घेतलं. 'यांच्या रानात एक पान दिसणार नाही' या ओळीला टाळ्या पडल्या. बाई उठल्या. सत्काराची साडी मोहनरावांपुढे ठेवली, शेजारी टोपली.

"झाडाचं जेवण झाडाखालीच पडतंय. म्या रोज त्याच्या म्होरलं ताट उचललं. आसारामला काढू नका. मला काढा."

मी कागद धरून उभाच होतो.

"म्या मुद्दाम न्हाई केलं, मावशी," आसाराम मागून म्हणाला. "मला झाडायचा लई कंटाळा."

लोक हसले. बाईंनी पदर तोंडावर ओढला.

आसाराम राहिला. बाईंनाही कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी त्यांचं अंगण झाडलेलं नव्हतं. मी माळावर गेलो. बाई ओढ्यातून आपल्या तुकड्याकडे येत होत्या, डोक्यावर आसारामच्या पाचोळ्याची टोपली. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.