फळ्यावरची सुकट

बोईसरच्या ज्या कंपनीत मी लॅबमध्ये हंगामी आहे, तिथे वेफर्सवर भुरभुरायच्या चवी बनतात. आमचे साहेब म्हणजे नाकाने कांदे सोलणारे. दर शनिवारी ते फळ्यावर रसायनांची नावं लिहितात आणि आम्ही पदार्थ ओळखायचा. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे केळं, बेंझाल्डिहाइड म्हणजे बदाम. बरोबर आलं की जणू केळीचा घड स्वतः पिकवल्यासारखे मान डोलावतात. या माणसाने कधी बाजारात केळं हातात घेऊन पाहिलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

एका शनिवारी ते म्हणाले, "आज जो ओळखेल, त्याचं नाव कायम करायला पाठवतो."

जागा एकच. हंगामी आम्ही दोघं: मी आणि मुंबईहून आलेला एक मुलगा. मी डबा उघडला की हा दोन खुर्च्या लांब सरकायचा.

फळ्यावर आलं ट्रायमिथाइल अमाइन आणि त्याखाली दोन पायराझिनं.

साहेबांचा खडू खाली ठेवून व्हायच्या आत मला कळलं. पहिलं मासळीचं, आणि पायराझिनं भाजल्याशिवाय येत नाहीत. माझी आई पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकते. सकाळी माझ्या डब्यासाठी ती सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, तव्यावर कोरडी भाजते. तो वास ओढणीला धरून रिक्षातून माझ्याबरोबर कंपनीजवळच्या पाम गावापर्यंत आणि पुढे लॅबमध्ये येतो. दोन वर्षं मी कंपनीच्या गेटबाहेर उभी राहून अत्तर फासत होते.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडचंच आहे हं." तो मुलगा फिदीफिदी हसला.

मी म्हणाले, "कुजलेली मासळी, सर."

"कुजलेली कोण खातं?"

मग त्या मुलाने कुठल्याशा परदेशी नूडल्सच्या पाकिटावर वाचलेलं ठोकून दिलं, "रोस्टेड ड्राय श्रिंप." जन्मात कधी सुकट न निवडलेला दीडशहाणा कायम झाला. मला त्याची आजही किळस येते. त्याहून जास्त माझी येते, कारण तो निदान खोटं बोलला नव्हता.

घरी आल्यावर आईने विचारलं, तेव्हा फळ्यावर सुकट होती आणि जागा त्या मुलाला गेली, एवढं सांगितलं. सुकट चिमटीत धरून तिने किती उन्हं खाल्लीत ते सांगणारी बाई ती. तिच्यापुढे थाप मारण्यात अर्थ नव्हता.

"तुला वास वलखता नाय आला?"

"आला."

"मंग काय बोललीस?"

"कुजलेली मासळी."

ती पुढ्यातल्या सुपातला कचरा काढत राहिली.

सोमवारी डबा उघडला तर बटाट्याची भाजी. तेव्हापासून रोज बटाटा, भेंडी, नाहीतर वाटाणा. तो मुलगा आता शेजारी बसून जेवतो. 'आई, आज सुकट दे' एवढंच म्हणायचं आहे, पण कोणत्या तोंडाने म्हणू?